सोळाव्या अध्यायातला पहिला शब्द



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 16, श्लोक 1 ते 3.

सोळाव्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत अर्जुनाला दैवी संपत्ती समजावून सांगतात. तीन श्लोकांत सव्वीस गुण येतात. त्यात सत्य आहे, अहिंसा आहे, दान, तप, दया, क्षमा सगळं आहे. पण यादीची सुरुवात यातल्या एकानेही होत नाही. पहिला शब्द आहे अभय.

हा अध्याय मी कितीतरी वेळा वाचलाय, पण पहिल्या शब्दावर कधी थांबलो नव्हतो. मला वाटायचं, हा गुण रणांगणावर उभ्या असलेल्या अर्जुनासाठी. दिवसभर एसीत लॅपटॉपसमोर बसणाऱ्या माणसाला कसलं आलंय भय? गेल्या वर्षी माझ्या 11 वर्षांच्या भाचीमुळे या शब्दाशी पहिल्यांदा खरी ओळख झाली. तिच्या आणि ताईच्या परवानगीने आज ते लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदललेत, चूक माझी आहे ती तशीच ठेवलीय.

ताई नाशिकला असते. मे महिन्याच्या सुट्टीत भाची आमच्याकडे पुण्याला आली होती. आमच्या घरात "फोन बिघडला, मामाला दे" असा नियमच आहे, कारण मामा कॉम्प्युटरवाला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी हेच असणार. तर एका दुपारी ती म्हणाली, "मामा, मला खातं काढून दे ना. वर्गातल्या सगळ्या मुलींचं आहे." माझा जुना फोन पडूनच होता. तो तिला दिला, ॲप टाकलं. ॲपने जन्मतारीख विचारली. खरी टाकली तर खातं उघडणार नव्हतं, कारण किमान वयाची अट 13 वर्षांची. मी जन्मवर्ष टाकलं 2000. दोन मिनिटांत काम झालं. ती खूश, मी पण खूश.

पुढे गणपतीला ताईकडचे सगळे पुण्याला आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळची आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, सगळे प्रसादाला बसले. भाची मात्र कोपऱ्यात फोन घेऊन बसलेली. मी मागून जाऊन पाहिलं. तिच्या वयाच्या मुलीने कधीच पाहू नये असा व्हिडिओ चालू होता. स्वतःला इजा करून घेण्याबद्दलचा.

माझं डोकं फिरलं. हात पुढे केला आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "दे इकडे! हे असलं बघतेस? लाज नाही वाटत?" तिने एक शब्दही न बोलता फोन दिला. त्या दिवशी तिने मोदकाला हातसुद्धा लावला नाही. घरातले म्हणाले, "बरं केलंस. धाक हवाच." मलाही वाटलं, आपण मामाचं कर्तव्य केलं. रात्री बसून मी त्या फोनवरून ते ॲप काढून टाकलं, स्क्रीन टाइमचं कुलूप घातलं आणि समाधानाने झोपलो.

साधारण सहा आठवड्यांनी, कोजागिरीच्या आसपास, ताईचा फोन आला. "ही नीट जेवत नाही. शाळेत जायचं म्हटलं की पोट दुखतं म्हणते. रात्री दचकून उठते. तू एकदा येऊन जा."

मी गेलो. संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर बसलो. काय बोलावं तेच सुचेना. शेवटी मी म्हटलं, "गणपतीत मी सगळ्यांसमोर ओरडलो ना, ते चुकलं माझं. सॉरी." ती बराच वेळ गप्प होती. मग खाली मान घालून म्हणाली, "मामा, ओरडणार नाहीस ना?"

आणि मग सगळं बाहेर आलं. जुलैमध्ये त्या ॲपवर एका "13 वर्षांच्या मुलीने" तिच्याशी मैत्री केली. दोघी चित्रं काढायच्या, एकमेकींना दाखवायच्या. मग त्या "मैत्रिणीने" फोटो मागितला. हिने शाळेच्या युनिफॉर्ममधला साधा फोटो पाठवला. मग अजून माग, अजून माग. ही नाही म्हणाली, तेव्हा धमकी आली: पाठव, नाहीतर हाच फोटो एडिट करून तुझ्या शाळेतल्या सगळ्यांना पाठवीन. त्या भीतीत ती एकटीच रात्री रील्स बघत बसायची. उदास गाण्यांवरून सुरू झालेलं फीड हळूहळू त्या व्हिडिओंपर्यंत पोचलं होतं.

आणि मग ती जे म्हणाली ते मी आयुष्यात विसरणार नाही. "गणपतीत मी तुलाच सांगणार होते मामा. तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना. आरती झाल्यावर सांगणार होते."

मंडळी, आरती झाल्यावर मी काय केलं ते वर लिहिलंच आहे. त्यानंतरचे सहा आठवडे ही पोर मैत्रिणीच्या फोनवरून त्या माणसाला "प्लीज नको पाठवू" म्हणून विनवत होती. मी घातलेलं कुलूप तिच्या फोनवर मस्त चालू होतं, फक्त त्याने थांबवलं काहीच नव्हतं.

त्या रात्री परतीच्या बसमध्ये मला दुसऱ्या अध्यायातले 62 आणि 63 हे दोन श्लोक आठवले. माणूस विषयाचं चिंतन करत राहतो, त्यातून संग जडतो, संगातून इच्छा, इच्छेतून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृती जाते, मग बुद्धी जाते आणि माणूसच बुडतो. आपण हे पाठ केलेलं असतं. मला त्यात आता दोन गोष्टी दिसल्या.

पहिली गोष्ट तिच्या बाजूची. या साखळीची सुरुवात कशाने होते? मन कशावर तरी रेंगाळण्याने. फीड नेमकं यावरच चालतं. फीडमागचा प्रोग्राम पुढे काय दाखवायचं ते ठरवताना तुम्ही कशाला लाइक दिलंत तेवढंच बघत नाही. अंगठा कुठे थांबला, किती सेकंद थांबला, परत मागे जाऊन काय पाहिलंत, हेसुद्धा बघतो. आणि हे तुम्हाला आवडलं म्हणून थांबलात की भीतीने हात गोठला म्हणून थांबलात, हे त्या सेकंदांच्या आकड्यातून कळत नाही. घाबरलेलं मूल एका भयंकर व्हिडिओवर थिजून बसलं, तरी मशीनच्या लेखी तो "रस" असतो. मग तसलेच आणखी चार येतात. गीतेने रेंगाळण्यातून संग जडतो म्हटलंय. इथे आपल्या मनाला संग जडायच्या आधीच पलीकडचा प्रोग्राम संगत आणून उभी करतो.

हे मी हवेत बोलत नाहीये. लंडनची मॉली रसेल नोव्हेंबर 2017 मध्ये गेली, तेव्हा ती 14 वर्षांची होती. घरच्यांना ती नेहमीसारखीच दिसत होती. सप्टेंबर 2022 मध्ये तिच्या मृत्यूच्या न्यायालयीन चौकशीत समोर आलं की शेवटच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर लाइक, सेव्ह किंवा शेअर केलेल्या सुमारे 16,300 गोष्टींपैकी 2,100 नैराश्य, स्वतःला इजा किंवा आत्महत्या यांच्याशी संबंधित होत्या. तिला ईमेलनेसुद्धा अशा मजकुराच्या शिफारशी येत होत्या. तिच्या मृत्यूला या ऑनलाइन मजकुराचाही हातभार लागला, असं त्या चौकशीच्या अधिकाऱ्यांनी नोंदवलं. तिचे वडील तेव्हापासून मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेसाठी काम करतायत. पुढे 2023 मध्ये ब्रिटनने ऑनलाइन सेफ्टी कायदा केला.

एका घरात प्रेमळ आई-वडील असतात, मूल शेजारच्या खोलीत असतं आणि तरी त्याची संगत कुणाशी आहे ते घराला कळत नाही. आपल्याकडे संगतीवर केवढं बोललं गेलंय! सत्संग धर, कुसंग टाळ, हे प्रत्येक कीर्तनात ऐकतो आपण. पण पूर्वी कुसंग दाराशी यायचा, त्याला चेहरा होता, आजी त्याला ओळखायची. आता तो पांघरुणात येतो.

दुसरी गोष्ट माझ्या बाजूची. ही जास्त टोचणारी आहे. क्रोधातून संमोह आणि संमोहातून स्मृती जाते, असं तो श्लोक सांगतो. गणपतीच्या संध्याकाळी माझी स्मृती खरंच गेली होती. "हे असलं बघतेस?" असं ओरडताना मी साफ विसरलो होतो की ते खातं मीच काढून दिलंय. जन्मवर्ष 2000 मीच टाकलंय. म्हणजे त्या यंत्रणेला मीच सांगितलं होतं की ही पंचविशीतली बाई आहे, हिला काहीही दाखवा, हिला कुणीही मेसेज करा. आता बऱ्याच मोठ्या ॲपमध्ये 18 वर्षांखालच्या मुलांची खाती आपोआप खाजगी राहतात, अनोळखी माणसांचे मेसेज अडवले जातात. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती, आणि मुलांचा माग काढण्यावर व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यावर बंदी, अशा तरतुदी आहेत. पण आपणच खोटं वय टाकलं, तर या सगळ्या कुंपणाच्या बाहेर मूल आपल्याच हाताने जाऊन बसतं.

दैवी संपत्तीच्या यादीत दुसऱ्याच श्लोकात सत्य येतं. आपण त्याचा अर्थ फार मोठा लावतो, हरिश्चंद्रापर्यंत जातो. माझ्यासाठी त्याचा अर्थ होता एक चार आकडी संख्या. ती मी खोटी टाकली. आणि भाचीला मी त्या दुपारी जो पहिला धडा दिला तो हा, की इथे आत शिरायचं तर खोटं बोलायचं असतं, आणि मामा त्यात मदत करतो.

आता अभयाकडे येऊ.

ज्ञानेश्वर माउली सोळाव्या अध्यायात या शब्दाचं विवरण दोन बाजूंनी करतात. एक बाजू अशी: जो महापुरात उडीच घेत नाही त्याला बुडायची भीती कशी असेल? जो पथ्य सांभाळतो त्याला रोगाची धास्ती कसली? म्हणजे जिथून भय येतं तिथे न जाणं. दुसरी बाजू अद्वैताची. सगळीकडे आत्मतत्त्वच आहे हे ज्याला उमगलं त्याला भय उरतच नाही. तिथे दृष्टांत मिठाचा आहे. पाणी मिठाला बुडवायला निघतं, तोवर मीठच पाणी होऊन जातं. मग कोण कुणाला बुडवणार?

माउली हे साधकाच्या संसारभयाबद्दल बोलतायत, हे मला माहीत आहे. पण त्यांचे हे दोन्ही दृष्टांत मला घरातल्या मुलांसाठी तंतोतंत लागू वाटले.

पथ्य हवंच. त्याला पर्याय नाही. खरी जन्मतारीख, खाजगी खातं, अनोळखी मेसेज बंद, रात्री फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला, 13 च्या आत सोशल मीडियाच नाही. ऑस्ट्रेलियाने तर 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडियावर खातं ठेवायलाच मनाई केलीय. एका अख्ख्या देशाने पाळायचं ठरवलेलं हे पथ्यच आहे.

पण पथ्याला मर्यादा आहे, आणि ती मी अनुभवली. माझ्या भाचीच्या फोनला कुलूप होतं, पण मैत्रिणीच्या फोनला नव्हतं. मूल कधी ना कधी पाण्यात पडणारच. शाळेच्या बसमध्ये कुणीतरी काहीतरी दाखवेल, चुलतभावाच्या टॅबवर काहीतरी येईल. तेव्हा उपयोगी पडतं ते दुसरं अभय, मिठाचं. म्हणजे तुझं संकट आणि माझं संकट यात अंतर नाही. तू बुडालीस तर मी काठावरून ओरडणार नाही, मी पाण्यात आहे. हे ज्या मुलाला मनापासून माहीत असतं, ते मूल येऊन सांगतं. आणि सांगितलं, की निम्मा धोका तिथेच संपतो. कारण त्या फसवणाऱ्या माणसाची सगळी ताकद एकाच गोष्टीवर उभी असते: ही घरी सांगणार नाही. घरी सांगायची भीती आपण तयार करतो, तो ती फक्त वापरतो.

इथे भागवतातली प्रल्हादाची गोष्ट पुन्हा वाचून बघा. सातव्या स्कंधात आहे. आपल्याला खांबातून आलेला नरसिंह लक्षात राहतो. पण त्याआधीचा एक प्रसंग आपण घाईत ओलांडतो. हिरण्यकशिपू लेकराला मांडीवर घेतो. लाडाने विचारतो, बाळा, गुरूंकडे काय शिकलास, जे तुला सगळ्यात चांगलं वाटलं ते सांग. आणि प्रल्हाद खरं सांगतो. त्याच्या मनात जे आहे तेच सांगतो. ते ऐकून बाप त्याला मांडीवरून खाली ढकलतो.

मी इतकी वर्षं ही गोष्ट ऐकताना स्वतःला प्रल्हादाच्या बाजूला धरायचो. सगळे भक्त तसंच धरतात. या वेळी वाचताना पहिल्यांदा जाणवलं, की मूल खरं सांगायला आलं आणि मोठ्या माणसाने ते ढकलून दिलं, या प्रसंगात माझी जागा मांडीवर नव्हती. मांडी माझी होती.

पुढे नरसिंह प्रकटतो, तेव्हा त्याच्या रूपाला देवसुद्धा घाबरतात. जवळ जायची हिंमत होते ती एका लहान मुलाची. आणि तो उग्र देव काय करतो? त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवतो. एवढा क्रोध अंगात भरलेला असताना मुलापर्यंत तो पोचू देत नाही. हे मला देवाचं खरं सामर्थ्य वाटतं. राग असणं चूक नाही. आपल्या मुलांना कुणी त्रास देत असेल तर राग यायलाच हवा. तो खांबाच्या बाजूला जाऊ दे, मुलाच्या बाजूला फक्त हात.

तसाच हात आपल्या गणपतीचाही आहे. उजवा, उचललेला, तळवा आपल्याकडे. त्याला आपण अभयमुद्रा म्हणतो. त्या संध्याकाळी माझ्या मागे मखरात तो हात तसाच उचललेला होता, आणि त्याच्यासमोर मी माझा हात पुढे केला होता, "दे इकडे" म्हणून.

आता प्रश्न येतो की मी असं का केलं? माझं तिच्यावर प्रेम नव्हतं का? होतं, पण मी घाबरलो होतो. पाहुण्यांसमोर काय दिसेल, ताई काय म्हणेल, मीच दिलेल्या फोनवर हे निघालं तर माझं काय? म्हणून भगवंतांनी अभय पहिलं सांगितलं असावं, असं मला आता वाटतं. जो स्वतः भयात आहे तो दुसऱ्याला अभय देऊ शकत नाही. तो फक्त ओरडू शकतो. आधी आपल्या आतली भीती नामस्मरणात थोडी शांत व्हायला हवी, मगच आपला हात मुलाच्या डोक्यावर जातो. आपण रोज जे वाचतो, जपतो, त्याचा उपयोग या अशा दहा सेकंदांसाठी आहे. तो हरिपाठाच्या वेळी नाही दिसत, मूल घाबरून समोर उभं राहतं तेव्हा दिसतो.

पुढे काय झालं तेही सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाला उद्या गरज लागू शकते.

गच्चीवर ती म्हणाली, "आईला सांगणार नाहीस ना?" मी खोटं वचन दिलं नाही. म्हटलं, "आईला आपण दोघं मिळून सांगू. मी शेजारी बसेन. आणि यात तुझी काहीही चूक नाही." ताईला मात्र आधी दहा मिनिटं बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की ओरडायचं नाही, रडायचं असेल तर आत जाऊन रड. ताई मोठ्या मनाची. तिने लेकीला फक्त जवळ घेतलं.

मग आम्ही तीन-चार गोष्टी केल्या. आधी काहीही डिलीट केलं नाही. चॅट, खात्याचं नाव, तारखा यांचे स्क्रीनशॉट घेतले, मग ॲपवर तक्रार केली, मग ब्लॉक केलं. धमकीला उत्तर दिलं नाही, काही पाठवलं नाही. केंद्र सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवर महिला आणि बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे तक्रार नोंदवली. सायबर हेल्पलाइनचा क्रमांक 1930 आहे. संकटातल्या मुलांसाठी 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, मूल स्वतःही फोन करू शकतं. मुलाच्या बोलण्यात स्वतःला संपवण्याचा, इजा करण्याचा विषय आला तर थांबू नका, त्याला एकटं सोडू नका, टेली-मानसच्या 14416 वर मोफत बोलता येतं आणि डॉक्टरांकडे नेता येतं. आम्हीही भाचीला समुपदेशकांकडे नेलं. देवावर विश्वास आहे म्हणून डॉक्टर नको, असं कुठल्याच संताने सांगितलेलं नाही.

एक गोष्ट आमच्या बाबतीत लागली नाही, पण माहीत असू द्या. अल्पवयीन मुलाचा खाजगी, उघडा फोटो कुणाच्या हाती लागला असेल तर "टेक इट डाउन" नावाची मोफत सेवा आहे. अमेरिकेतली एक बालसुरक्षा संस्था ती चालवते. फोटो तिथे पाठवायचा नसतो. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा हॅश, म्हणजे आकड्या-अक्षरांचा ठसा तयार होतो, तेवढाच पुढे जातो. सहभागी ॲप त्या ठशाशी जुळणारा फोटो शोधून काढून टाकू शकतात. ठशावरून मूळ फोटो परत बनवता येत नाही. आणि मुलांचा असा फोटो किंवा व्हिडिओ "सावध राहा" म्हणूनसुद्धा पुढे पाठवायचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब खाली तो गुन्हा आहे.

यादीत दुसऱ्याच श्लोकात अपैशुन नावाचा एक गुण आहे. चहाडी न करणं, दुसऱ्याचं वर्म चारचौघांत न उघडं करणं. ताईने हे फार सुंदर पाळलं. नातेवाइकांच्या ग्रुपवर एक अक्षर गेलं नाही. भाचीने विश्वासाने जे दिलं ते घरातल्या तिघांतच राहिलं. एका मुलाने सांगितलेली गोष्ट मावशीकडून, आत्याकडून परत त्याच्या कानावर आली, की ते मूल पुन्हा कधीच काही सांगत नाही.

आता ती बरी आहे. शाळेत जाते. परवा फोनवर म्हणाली, "मामा, एका गेममध्ये एकाने माझं खरं नाव विचारलं. मी नाही सांगितलं, पण तुला सांगून ठेवते." मी म्हटलं, "बरं केलंस सांगितलंस." फोन ठेवला आणि देवासमोर जाऊन नुसता उभा राहिलो. त्या वाक्यापुढे माझी कुठलीच प्रार्थना मोठी नव्हती.

तुमच्यातल्या अनेकांना अजून मुलं नाहीत, माहीत आहे. पण तुम्ही कुणाचे तरी मामा, काका, मावशी, आत्या, दादा, ताई आहात. आणि घरातला प्रत्येक नवा फोन सेट करायला तुमच्याकडेच येतो. म्हणजे ती जन्मतारीख टाकणारा अंगठा तुमचा आहे.

आजचा अभ्यास:

एक. तुम्ही कुणा लहान मुलाचं खातं खोट्या जन्मवर्षाने काढून दिलं असेल, तर या आठवड्यात त्या मुलाच्या शेजारी बसून ते दुरुस्त करा. वय 13 च्या आत असेल तर खातं बंद करा. आणि त्याला सांगा, "मी खोटं टाकलं होतं, ते चुकलं."

दोन. त्याच मुलाला आज एक वाक्य सांगा: "फोनवर काहीही दिसलं, कुणी काहीही म्हणालं, तुझ्याकडून काहीही चुकलं, तरी मला सांग. मी ओरडणार नाही, फोन हिसकावणार नाही." आणि मग वेळ येईल तेव्हा ते पाळा. नुसतं सांगून अभय होत नाही. पहिल्या खेपेला आपण कसे वागतो त्यावर दुसरी खेप येते की नाही ते ठरतं.

तीन. आज जपाला बसाल तेव्हा समोरच्या मूर्तीचा हात बघा. विठोबाचे कर कटेवर असले तरी तो विटेवर उभा आहे, कुठेही न जाता, आपण कधीही यावं म्हणून. आपल्या घरातल्या लेकरांसाठी आपल्यालाही तेवढं उभं राहता यावं, एवढंच आज मागू.

देवा, मला आधी निर्भय कर. म्हणजे माझ्या भीतीने कुठलं मूल गप्प बसणार नाही.

राम कृष्ण हरी.